मोबाईलवरची एडीएचडी टेस्ट नेमकं काय मोजते?

गेल्या वर्षभरात मला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त वेळा आलेली लिंक कुठल्या नव्या फोनची किंवा सेलची नव्हती. ती होती, 'तुम्हाला एडीएचडी आहे का? दोन मिनिटांत तपासा.' पाठवणारे सगळे विशी-पंचविशीतले. काही पुण्यात माझ्यासारखीच नोकरी करणारे, तर काही आमच्या हिंगोलीकडचे, अभ्यासिकेत बसून एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारे. लिंकखाली प्रश्न एकच: 'हे खरं असतं का?'

थोडक्यात सांगायचं तर या टेस्टपैकी एक-दोन खऱ्या आहेत, बाकीच्या बहुतेक जाहिराती आहेत. आणि ज्या खऱ्या आहेत त्यासुद्धा तुम्हाला एडीएचडी आहे की नाही हे सांगत नाहीत. मग त्या सांगतात तरी काय? मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण टेस्ट कशी बनते, किती गुणांवर अलार्म वाजवायचा, खोटा अलार्म किती वेळा वाजतो, भरलेली माहिती कुठं जाते, हे माझं रोजचं काम आहे. त्या बाजूनं हा विषय उलगडता येतो.

आधी हे नाव कशाचं आहे ते बघू

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. लक्ष टिकवणं, कामाची आखणी करणं, वेळेचा अंदाज घेणं, स्वतःला आवरणं, या गोष्टी ज्या मेंदूला लहानपणापासूनच जड जातात त्याला दिलेलं हे वैद्यकीय नाव. आपल्याकडं अशा माणसाला वेगळी नावं आहेत: वेंधळा, धांदरट, 'याचं चित्तच थाऱ्यावर नसतं'. मुलगी असेल तर 'आपल्याच तंद्रीत असते'. नावं ठेवणं सोपं असतं, त्यामुळे तपासायला कुणी नेत नाही.

हा आजार फक्त लहान मुलांचा, असा समज बरीच वर्षं होता. तो आता राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत २० देशांतल्या प्रौढांची सरासरी काढली तेव्हा आकडा आला २.८ टक्के. म्हणजे शंभर जणांच्या अभ्यासिकेत दोन-तीन जण. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या हिशोबाला लागणार आहे.

डॉक्टर ज्या निकषांवर निदान करतात त्यातले एक प्रसिद्ध निकष अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे, २०१३ सालचे, डीएसएम-५ या नावाचे. त्यात लक्षणांच्या दोन याद्या आहेत, एक लक्ष न लागण्याची आणि एक चंचलतेची. प्रत्येकीत नऊ लक्षणं. सतरा वर्षांच्या पुढच्या माणसात निदान एका यादीतली पाच तरी हवीत आणि ती किमान सहा महिने टिकलेली हवीत. इथपर्यंतचं रील बनवणाऱ्यांनाही माहीत असतं. पुढच्या अटी मात्र रीलमध्ये कुणी सांगत नाही. यातली काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असली पाहिजेत. ती एकाहून जास्त ठिकाणी दिसली पाहिजेत, म्हणजे घरीही आणि कामावर किंवा कॉलेजातही. त्यांच्यामुळे खरोखर नुकसान होत असलं पाहिजे. आणि दुसऱ्या एखाद्या आजारानं त्याचा जास्त चांगला उलगडा होता कामा नये.

खरी टेस्ट

तिचं नाव एएसआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनवली आणि २००५ साली प्रसिद्ध केली. एकूण १८ प्रश्न आहेत, पण चाळणीसाठी वापरले जातात ते पहिले सहा. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, खूपच वेळा. आणि विचारलं जातं ते गेल्या सहा महिन्यांबद्दल, कालच्या वाईट दिवसाबद्दल नाही.

सहा प्रश्नांचा आशय मी आपल्या उदाहरणांनी सांगतो. पहिला, कामाचा अवघड भाग संपल्यावर उरलेलं किरकोळ काम रखडतं का? स्कॉलरशिपचा सगळा फॉर्म भरला आणि शेवटी उत्पन्नाचा दाखला अपलोड करायचा तसाच राहिला, तसलं. दुसरा, जिथं नीट मांडणी लागते अशा कामात गोष्टी ओळीनं लावणं जड जातं का? तिसरा, ठरलेली भेट किंवा जबाबदारी विसरता का? म्हणजे पीक विम्याची शेवटची तारीख, बहिणीला आणायला स्टँडवर जाणं. चौथा, डोकं लावावं लागेल असं काम सुरू करायलाच टाळाटाळ होते का? पाचवा, बराच वेळ बसावं लागलं की हातपाय सतत हलत राहतात का? सहावा, अंगात मोटर लावल्यासारखं, थांबताच येत नाही असं वाटतं का?

यातले पहिले तीन प्रश्न 'कधीकधी' म्हटलं तरी मोजले जातात. शेवटच्या तिघांना 'बऱ्याचदा' किंवा त्यापुढचं उत्तर लागतं. असे चार किंवा जास्त झाले तर चाळणी म्हणते, 'पुढं तपासून घ्या'. एवढंच म्हणते. टक्केवारी नाही, 'सौम्य-मध्यम-तीव्र' नाही. तुमच्या स्क्रीनवर '८७ टक्के एडीएचडी' असं आलं असेल तर ते एएसआरएस नव्हे.

२०१७ साली याच गटानं नव्या निकषांवर बेतलेली दुसरी सहा प्रश्नांची चाळणी काढली. तिचे प्रश्न वेगळे, गुण ० ते २४, आणि १४ किंवा जास्त झाले की अलार्म. त्यात एक प्रश्न साधारण असा आहे की आपलं रोजचं आयुष्य व्यवस्थित ठेवायला तुम्ही दुसऱ्यांवर अवलंबून असता का. आता मला सांगा, आपल्याकडच्या किती पोरांचं उत्तर इथं 'कधीच नाही' येईल? डबा आई भरते, कपडे आई धुते, फॉर्मची झेरॉक्स बाबा काढून आणतात. हे एडीएचडीचं लक्षण नाही, वळणाचं आहे. कुठलीही प्रश्नावली जिथं तपासली गेली तिथल्या लोकांच्या राहणीवर बेतलेली असते, आणि या दोन्हींची मूळ तपासणी अमेरिकेत झाली. उत्तर देताना स्वतःला विचारायचं की मला हे जमत नाही, की माझ्यावर कधी वेळच आली नाही?

हजार जणांचा हिशोब

आता माझ्या आवडीचा भाग. समजा हजार तरुण आहेत. हिशोब सोपा व्हावा म्हणून मघाचा आकडा थोडा खाली धरू, म्हणजे त्यात २५ जणांना एडीएचडी असेल, ९७५ जणांना नसेल.

२००५ च्या चाळणीनं मूळ अभ्यासात खऱ्या रुग्णांपैकी ६८.७ टक्के पकडले आणि ज्यांना नाही त्यातले ९९.५ टक्के बरोबर सोडून दिले. आपल्या हजारात लावू. २५ पैकी १७ सापडले, ८ निसटले. ९७५ पैकी सुमारे ५ जण उगाच अडकले. २०१७ ची चाळणी जास्त बारीक आहे. तिनं ९१.४ टक्के पकडले, पण ज्यांना नाही त्यातले ९६ टक्केच सोडले. म्हणजे २५ पैकी २३ सापडले, फक्त २ निसटले, पण ९७५ चे चार टक्के म्हणजे ३९ जण उगाच अडकले. एकूण ६२ जणांच्या स्क्रीनवर 'तपासून घ्या' आलं, त्यातल्या २३ जणांनाच खरं दुखणं आहे.

चार टक्के चूक ऐकायला किरकोळ वाटते. पण आजार मुळात थोड्यांना असतो, त्यामुळे मोठ्या गर्दीचे चार टक्केही खऱ्या रुग्णांपेक्षा जास्त भरतात. मोंढ्यात व्यापारी सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगतो आणि मग मशीन लावतो, तसंच आहे हे. दाण्यावरून कुणी पट्टी फाडत नाही.

हिशोबाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. जुन्या चाळणीतून निसटलेल्या त्या आठ जणांचं काय? माझ्या टीममधली एक सहकारी अशीच आहे. तिला सहापैकी तीन आले होते, म्हणजे चाळणीनुसार काही नाही. शाळेत कायम पहिल्या तिघांत. पण दप्तर रोज रात्री आई भरायची, वेळापत्रक आई लावायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी आई शेजारी बसायची. नोकरी लागली, वेगळं घर झालं, आणि तीन वर्षांत दोन नोकऱ्या गेल्या. दोन्हीकडं कारण एकच, डेडलाईन. ती टेस्टवर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली, आणि एकोणतिसाव्या वर्षी निदान झालं. टेस्टमध्ये कमी गुण आले पण आयुष्यात सतत तेच नुकसान होतंय, तर गुणांपेक्षा नुकसानीला जास्त किंमत द्या.

आणि नुकसान फक्त नोकरीचं नसतं. स्वीडनमध्ये एडीएचडीचं निदान झालेल्या १७ हजारांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात गंभीर वाहन अपघातांचा धोका इतरांपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त आढळला. पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात हा धोका बराच कमी दिसला. दिवसभर टू-व्हीलरवर असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

दुधाळ्यात जे यंत्र येतंय त्याच्याकडून शिकण्यासारखं

आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथ म्हटलं की ज्योतिर्लिंग आठवतं. त्याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो मोजायचा.

एवढं नाजूक यंत्र म्हटलं की अडचण आलीच. ते कशानंही हलतं. दूर कुठं भूकंप झाला, जवळून ट्रॅक्टर गेला, तरी नोंद होते. मग खरी लहर कोणती हे कळणार कसं? अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली तेव्हा ती लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्ड अशा दोन वेधशाळांमध्ये दिसली. दोन्हींत अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर, आणि लहर पोचण्यात फरक सात मिलीसेकंदांचा. एकाच ठिकाणी दिसली असती तर तिच्यावर विश्वास ठेवणं फार अवघड गेलं असतं. ट्रॅक्टर एका वेळी एकाच ठिकाणाहून जातो.

एडीएचडीच्या निकषांतली 'एकाहून जास्त ठिकाणी' ही अट नेमकी याच कामाची आहे. फक्त राज्यशास्त्राच्या पुस्तकासमोरच लक्ष उडत असेल, पण दुकानाचा हिशोब, घरची कामं, मित्रांना दिलेल्या वेळा हे सगळं नीट चालत असेल, तर दोष पुस्तकाचा किंवा त्या परीक्षेच्या ताणाचा असू शकतो. इथं एक खबरदारी. 'क्रिकेट बघताना तर तीन तास हलत नाही' हा एडीएचडी नसल्याचा पुरावा धरू नका. आवडीच्या गोष्टीत हरवून जाणं एडीएचडीतही असतं. तपासायची ती न आवडणारी, पण करावीच लागणारी कामं, वेगवेगळ्या ठिकाणची.

दुसरा डिटेक्टर म्हणजे दुसरा माणूस. आपण स्वतःबद्दल जे सांगतो ते त्या दिवशीच्या मूडवर असतं. रूममेट, बायको, भाऊ यांना न सांगता-सवरता तेच सहा प्रश्न तुमच्याबद्दल विचारा. तिसरा डिटेक्टर म्हणजे बालपण. आईला विचारा. जिल्हा परिषदेच्या शाळेतली प्रगतीपुस्तकं ट्रंकेत असतील तर काढा आणि शेऱ्याचा रकाना वाचा. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही' हा शेरा तिसरी, चौथी, पाचवीत सलग असेल, तर डॉक्टरांसाठी तो कुठल्याही अ‍ॅपच्या निकालापेक्षा मोलाचा आहे.

माझ्या मामेभावाचं सांगतो, त्याच्या परवानगीनं. वय चोवीस, हिंगोलीत अभ्यासिका लावलेली. एका रात्री त्याचा स्क्रीनशॉट आला: "दादा, मला सत्त्याऐंशी टक्के निघालाय. हे चारशे नव्याण्णव रुपयांचा प्लॅन घ्या म्हणतायत. घेऊ का?" प्लॅन घेऊ नको म्हटलं आणि फोनवरच कागदावर खरे सहा प्रश्न सोडवून घेतले. चार आले. म्हणजे खऱ्या चाळणीतही तो अडकला. मग झोपेचं विचारलं. रात्री दोनला झोप, सकाळी सहाला अभ्यासिका, दीड वर्ष हेच चालू. मग मामीशी बोललो. मामी म्हणाली, "लहानपणी? अरे, याच्याएवढं शहाणं लेकरू नव्हतं. दप्तर कधी हरवलं नाही, डबा कधी विसरला नाही. हे सगळं त्या पहिल्या पूर्वपरीक्षेनंतर सुरू झालंय."

तो नांदेडला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून आला. त्यांनी एडीएचडी आहे असंही म्हटलं नाही आणि नाही असंही. झोप आणि चिंता यांच्यावर आधी काम करू, रक्त तपासून घेऊ, सहा आठवड्यांनी पुन्हा ये, असं सांगितलं. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइडचा बिघाड, या सगळ्यांत लक्ष उडतं. सहा प्रश्नांना त्यातला फरक कळत नाही. कळावा म्हणून ते बनवलेलेच नाहीत. त्याची दुसरी भेट अजून व्हायचीय.

फोनमुळेही गुण वाढतात

हा भाग आपल्या साईटच्या वाचकांसाठी खास. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या २२१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये मांडला गेला. एक आठवडा सगळ्या नोटिफिकेशन चालू आणि फोन हाताशी. दुसरा आठवडा नोटिफिकेशन बंद आणि फोन नजरेआड. माणसं तीच. चालू असलेल्या आठवड्यात त्याच विद्यार्थ्यांनी लक्ष न लागणं आणि चुळबुळ, दोन्ही जास्त असल्याचं सांगितलं.

याचा अर्थ फोनमुळे एडीएचडी होतो असा नाही, आणि संशोधकांचंही तसं म्हणणं नव्हतं. अर्थ एवढाच की प्रश्नावली ज्या गोष्टी मोजते, त्या फोनमुळेही वाढतात. लॉस एंजेलिसमधल्या २५८७ विद्यार्थ्यांचा दोन वर्षं पाठपुरावा केलेला २०१८ चा अभ्यासही आहे. त्यात डिजिटल माध्यमांचा वापर जास्त असणाऱ्यांमध्ये पुढं अशी लक्षणं थोडी जास्त दिसली. आधी कोंबडी की आधी अंडं, हे त्यातून ठरत नाही.

करून बघायला सोपं आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा आणि दिवसाला किती नोटिफिकेशन येतात, किती वेळा फोन अनलॉक होतो ते बघा. मग दोन आठवडे कॉल आणि ओटीपीचे मेसेज सोडून बाकी सगळ्यांचा आवाज बंद. अभ्यास करताना फोन दुसऱ्या खोलीत. खिशात उलटा ठेवणं म्हणजे दुसरी खोली नव्हे. त्यानंतर काय बदललं ते लिहून ठेवा. फरक मोठा पडला तर ती माहिती डॉक्टरांना द्या, काहीच पडला नाही तर तीही द्या. दोन्ही उपयोगी आहेत.

रील इतकी पटते का?

कारण ती सगळ्यांनाच लागू होईल अशीच लिहिलेली असते. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांना स्वभावचाचणी दिली आणि प्रत्येकाला 'तुझा वैयक्तिक निकाल' म्हणून एक परिच्छेद दिला. विद्यार्थ्यांनी तो किती बरोबर आहे याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. परिच्छेद सगळ्यांना एकच होता, भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. 'किचनमध्ये जाऊन विसरता का' हे त्याच जातीचं वाक्य. कोण विसरत नाही?

पुढचं काम अल्गोरिदम करतो. तुम्ही त्या रीलवर थांबलात, शेवटपर्यंत बघितली, मित्राला पाठवली, की सिस्टिमला कळतं की हे चालतंय. तुम्हाला एडीएचडी आहे असं तिला काही कळत नाही, तुम्ही थांबलात एवढंच कळतं. उद्या त्याच विषयाच्या पाच रील येतात आणि आपल्याला वाटतं, सगळीकडं हेच दिसतंय म्हणजे काहीतरी असणार. कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये टिकटॉकवरचे एडीएचडीचे सगळ्यात जास्त पाहिलेले १०० व्हिडिओ तपासले होते. त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. टिकटॉक आपल्याकडं २०२० पासून बंद आहे, पण त्याच धाटणीचे व्हिडिओ आता रील आणि शॉर्ट्सवर असतात.

तरी रीलना सरसकट शिव्या घालणार नाही. माझ्या त्या सहकारीनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो रीलमध्येच. शब्द कळण्यापुरती रील ठीक आहे.

उत्तरं कुठं जातात?

टेस्टच्या पानावर बहुतेक वेळा 'पिक्सेल' नावाचा कोडचा छोटा तुकडा बसवलेला असतो. तुम्ही पान उघडलं, 'पुढे' दाबलं, पर्याय निवडला, की तो जाहिरात कंपनीच्या सर्व्हरला निरोप पाठवू शकतो. फोन नंबर टाकल्याशिवाय निकाल दाखवत नसतील तर मग निरोपाला नावही मिळालं.

ही कल्पनेतली भीती नाही. सेरेब्रल या अमेरिकेतल्या ऑनलाइन मानसोपचार कंपनीनं मार्च २०२३ मध्ये ३१ लाखांहून जास्त लोकांना कळवलं की अशा ट्रॅकरमधून त्यांची माहिती गूगल, मेटा, टिकटॉक अशा कंपन्यांकडे गेली असू शकते. ज्यांनी साईटवरची स्वचाचणी भरली होती त्यांची उत्तरंसुद्धा त्यात होती. त्याच महिन्यात बेटरहेल्प या कंपनीला तिथल्या व्यापार आयोगानं अशाच कारणासाठी ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, जास्त कडक वर्ग नाही. सगळी मदार तुमच्या संमतीवर, आणि संमती म्हणजे आपण न वाचता दाबतो ते बटण.

सहा प्रश्नांची बेरीज करायला अ‍ॅप लागतच नाही. एएसआरएसचा कागद पीडीएफमध्ये मिळतो, तो उतरवा आणि पेनानं भरा. दुसऱ्या कुणाचा फोन नंबर त्यात येत नाही, आणि तोच कागद डॉक्टरांना दाखवता येतो.

दाखवायचं कुठं?

देशात मानसोपचारतज्ज्ञ लाख लोकांमागे एकसुद्धा नाही, ०.७५ आहेत असा आकडा दिला जातो. त्यामुळे जवळ कोणी नसेल तर सुरुवात फोनवरूनच करा. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढं तज्ज्ञांकडे जोडून देतात. निदान फोनवर होणार नाही, पण जवळ कुठं जायचं हे तिथं विचारता येतं.

हिंगोलीत जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते आधी विचारून मगच एसटीत बसा. नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हा दुसरा पर्याय. जाताना एक कागद न्या. सहा प्रश्नांची उत्तरं, झोपेच्या वेळा, चहा-तंबाखू-दारू किती, आईनं सांगितलेलं बालपण, आणि गेल्या सहा महिन्यांत यामुळे झालेली तीन ठोस नुकसानं. 'मला एडीएचडी आहे, गोळी द्या' अशी सुरुवात करण्यापेक्षा 'ही तीन कामं मला जमत नाहीत' अशी सुरुवात केली तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

गोळीचं निघालंच आहे तर तेही. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध भारतात शेड्यूल एक्समध्ये येतं. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या यादीतली औषधं ऑनलाइन तपासणीवरून लिहून देता येत नाहीत, डॉक्टरांना समोरासमोर भेटावं लागतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि एक प्रत मेडिकलवाला स्वतःकडे ठेवून घेतो. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत 'लक्ष वाढवायची गोळी' घरपोच देतो म्हणणारा, किंवा टेलिग्रामवर परीक्षेच्या आधी पट्टी विकणारा, कायद्याबाहेर धंदा करतोय एवढं धरून चाला. शेड्यूल एक्सचा परवाना प्रत्येक मेडिकलकडे नसतो. चिठ्ठी हातात घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा की हे औषध मिळतं कोणत्या दुकानात.